श्वास घेणारा सेल

पावसाळ्यात पापड सादळतो, मिठाच्या बरणीला पाणी सुटते, आगकाडी ओढली तर नुसती खरखर करते आणि कपाटाचे दार फुगून जागच्या जागी रुतून बसते, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. उलट वैशाखातल्या नागपुरात तेच दार आक्रसून खुळखुळू लागते, ओठ फुटतात, आणि गच्चीवर सकाळी घातलेल्या कुरडया संध्याकाळी उलटताना खडखड वाजतात. हवेतल्या ओलाव्याचे हे लाड आणि हा छळ आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलो आहोत. आपल्या घरातल्या बायकांनी तर त्यावर डबे, बरण्या, फडकी आणि वाळवणे यांचे एक अख्खे शास्त्र उभे केले आहे. त्या शास्त्रात एका नव्या वस्तूची भर घालावी, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच. ती वस्तू म्हणजे कानाच्या यंत्रातला सेल. सदऱ्याच्या बटणापेक्षाही लहान, पण तो संपला की घरातले एक माणूस घरात असून नसल्यासारखे होते.

आमच्या घरातले ते माणूस म्हणजे माझी आत्या. वय चौऱ्याऐंशी. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ती आमच्याकडे पार्ल्याला असते आणि दिवाळीनंतर आतेभावाकडे नागपूरला जाते ती थेट मृगाच्या तोंडाशी परतते. म्हणजे उन्हाळा नागपुरात आणि पावसाळा मुंबईत! शहाणी माणसे याच्या नेमके उलट करतील. पण वाळवणे घालायची तर ती नागपूरच्या उन्हातच, आणि श्रावणातले सणवार करायचे तर ते भावाच्या घरी, असा तिचा हिशेब आहे आणि तो बदलण्याची छाती कुणाला नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी तिला कमी ऐकू येऊ लागले. जी बाई सात कुळांच्या सोयरिकी तोंडपाठ म्हणून दाखवी, ती हळूहळू ‘हो, हो’ म्हणून वेळ मारून नेऊ लागली. मग रीतसर तपासणी झाली, आणि कानामागे बसणारे एक यंत्र आले. त्याला लागतो तेरा नंबरचा सेल. हे सेल नंबरांनी आणि रंगांनी ओळखले जातात. दहा नंबरावर पिवळी टिकली, तीनशे बारावर तपकिरी, तेरावर नारिंगी आणि सहाशे पंचाहत्तरवर निळी. ही टिकली ओढून काढली की सेल जागा होतो. श्रवणतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच दिवशी एक युक्ती सांगितली होती. काढलेली टिकली फेकू नका, भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसावर चिकटवून द्या, म्हणजे सेल केव्हा घातला हे विसरायला होणार नाही. आत्याने ही आज्ञा व्रतासारखी पाळली. पार्ल्याच्या कॅलेंडरावर नारिंगी टिकल्या, नागपूरच्या कॅलेंडरावर नारिंगी टिकल्या. चतुर्थी आणि एकादशी यांच्या मधून त्यांची एक वेगळीच तिथी चालू झाली.

मी पेशाने मास्तर. शाळेत विज्ञान शिकवण्यात बत्तीस वर्षे गेली, त्यामुळे आकडे समोर दिसले की ते मांडून पाहण्याची खोड आहे. तीन वर्षांची दोन्ही घरची कॅलेंडरे मी एके दिवशी सतरंजीवर पसरली. पौषात नागपूरला एक सेल सोळा-सतरा दिवस चाले. चैत्रापासून हा आकडा घसरे, आणि वैशाखात तेरा, कधी बारा. आत्या मुंबईला आली की ज्येष्ठात थोडा सुधारे, पण आषाढ-श्रावणात पुन्हा तेराच्या घरात. आश्विन लागला की परत पंधरा-सोळा. यंत्र एकच, कान एकच, सेलची जात एकच, आणि पाकिटे तर आतेभाऊ नागपुरातून घेऊन देई तीच मुंबईत वापरली जात.

तोपर्यंत घरात या प्रकरणाचे निकाल लावून झाले होते. आतेभावाचे म्हणणे, दुकानदार जुना माल गळ्यात मारतो. वहिनींचे म्हणणे, सासूबाई रात्री यंत्र बंद करायला विसरतात. आत्याचे म्हणणे, हल्लीच्या कुठल्याच वस्तूत राम राहिलेला नाही. पाकिटावरची मुदत पाहिली तर ती पुढे दोन वर्षे होती. टिकली शाबूत असेपर्यंत हा सेल वर्षानुवर्षे जवळपास जसाच्या तसा राहतो, तेव्हा दुकानदार निर्दोष. यंत्र तर आत्या रोज रात्री स्वतःच्या हाताने उघडून ठेवी, तेव्हा आत्याही निर्दोष.

पण दरम्यान आत्याने आपल्या पिढीला शोभेल असा उपाय शोधला होता. काटकसर! सेल लवकर संपतो ना, मग जपून वापरायचा. दुपारी वामकुक्षीला बंद, पोथी वाचताना बंद, रात्रीच्या जेवणानंतर बंद. ‘आता रात्रीचं कोण काय महत्त्वाचं बोलणार आहे?’ असे ती म्हणे.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या धाकटीला बंगळूरला नोकरी लागली. ही बातमी तिने सर्वांत आधी आत्याला सांगायची ठरवली होती, कारण लहानपणी तिला मांडीवर घेऊन अंक शिकवले ते आत्याने. जेवणे झाली होती. पोरगी तिच्या पलंगावर जाऊन बसली, तिचा हात हातात घेऊन दहा मिनिटे बोलली. आत्या प्रेमाने हसली, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘बरं हो. झोप आता, उशीर झाला.’ पोरगी स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. ‘बाबा, आजीला काही वाटलंच नाही,’ एवढेच म्हणाली. पुढे चार दिवसांनी बॅग भरायला काढली तेव्हा आत्याने दारात उभी राहून विचारले, ‘अगं, ही कुठं निघाली?’

त्या रात्री यंत्र बंद होते. सेल वाचवला जात होता.

आता गंमत पाहा. वाचवून तरी किती वाचला? तो महिनाभर आत्या यंत्र पूर्वीच्या निम्मेच तास वापरत होती. निम्मे तास, म्हणजे दुप्पट दिवस. हे तर पाचवीतल्या मुलाचे त्रैराशिक झाले. तेराचे सव्वीस व्हायला हवे होते. कॅलेंडरावर दोन टिकल्यांत अंतर होते ते वीस दिवसांचे. मग उरलेले सहा दिवस कुणी खाल्ले? यंत्र तर बंद होते. त्या सहा दिवसांच्या चोराचा शोध घेता घेता मी या सेलच्या पोटात शिरलो.

भिंतीवरच्या घड्याळाला किंवा टॉर्चला आपण घालतो तो पेन्सिल सेल ही एक बंद कोठी असते. वीज निर्माण करायला लागणारी दोन्ही द्रव्ये त्यात पहिल्यापासून कोंडलेली असतात. खिशात ठेवायच्या जुन्या पद्धतीच्या कानाच्या यंत्रातही हाच पेन्सिल सेल चालतो. पण कानामागे बसणाऱ्या यंत्रात एवढी मोठी कोठी ठेवायची कुठे? तेरा नंबरचा सेल आठ मिलिमीटरही रुंद नाही आणि उंचीला साडेपाच मिलिमीटरच्या आतच. तेव्हा शास्त्रज्ञांनी युक्ती अशी केली की दोन द्रव्यांपैकी एकच सेलमध्ये ठेवले, ते म्हणजे जस्ताची पूड. दुसरे द्रव्य आणायचे बाहेरून, आणि तेही फुकट. ते म्हणजे हवेतला प्राणवायू. जस्त आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन जस्ताचे भस्म तयार होते, आणि तसे होताना वीज मिळते. सबंध पोट जस्तालाच मोकळे मिळाल्यामुळे एवढ्याशा सेलमध्ये इतकी शक्ती मावते.

प्राणवायू आत यायला वाट हवी. सेलच्या सपाट बाजूवर बारीक भोके असतात, ती याचसाठी. टिकली म्हणजे या भोकांवरचे झाकण. म्हणूनच टिकली काढल्यावर लगेच सेल यंत्रात कोंबू नये. मिनिटभर तरी उघडा ठेवावा, म्हणजे हवा नीट आत शिरते. थोडक्यात, हा सेल श्वास घेतो. आणि जो श्वास घेतो त्याला हवामान बाधते, हे सांगायला वैद्य नको.

ते बाधते कसे? जस्ताची पूड नुसती कोरडी नसते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड नावाच्या कडक खाराच्या पाण्यात ती कालवलेली असते. ज्या भोकांतून प्राणवायू आत येतो त्याच भोकांतून पाण्याची वाफही ये-जा करते. प्राणवायूला या आणि वाफेला जा, असे सांगणारा दरवान अजून कुणाला नेमता आलेला नाही. आतले खारे पाणी आणि बाहेरची हवा यांची तडजोड होते ती साधारण साठ टक्के सापेक्ष आर्द्रतेला. हवा त्याच्या आसपास असली की आत जितकी वाफ येते तितकीच बाहेर जाते आणि सेल सुखात असतो. हवा त्याहून कोरडी झाली की ती सेलच्या पोटातले पाणी शोषून घेऊ लागते, आणि त्याहून दमट झाली की सेल हवेतले पाणी पिऊ लागतो. मिठाची बरणी पावसाळ्यात करते तेच.

नागपूरला मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरते. मुंबईत जुलैत ती पंचाऐंशीच्या वर असते. म्हणजे आत्या वर्षातले काही महिने साठाच्या फार खाली आणि काही महिने साठाच्या फार वर काढते. दोन्हीकडे सेलचे हाल, पण ते निरनिराळे. नागपुरात सेल वाळतो. आतले पाणी आटले की जस्त शिल्लक असूनही त्याला काम करता येत नाही. कणीक भरपूर आहे पण भिजवायला पाणी नाही, अशातली गत. मुंबईत सेल सादळतो. जस्ताचे भस्म झाले की ते मूळ जस्तापेक्षा जास्त जागा घेते, म्हणून सेलमध्ये आधीच थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. त्या जागेत पावसाळी हवेतले पाणी येऊन बसते. मग हवेच्या वाटा बुजतात, सेल गुदमरतो, आणि फारच झाले तर पाणी बाहेर पाझरून सेलच्या कडेला पांढरट पूड जमते. ही पूड दिसली की सेल काढून टाकावा, खोबण कोरड्या कापसाने पुसावी आणि हात धुवावेत. ते मीठ नव्हे, खार आहे.

आता सहा दिवसांच्या चोराचा पत्ता लागला ना? यंत्र बंद केले तरी भोके उघडीच असतात. आत्या ऐकत नव्हती तेव्हाही सेल श्वास घेतच होता आणि श्रावणातले पाणी पीतच होता. जितका तो पुरवून पुरवून वापरावा तितके जास्त दिवस तो उघड्यावर पडतो, आणि तितका हवेचा वाटा वाढतो. ज्यांचे यंत्र दिवसभर चालते त्यांचा सेल हवेने बिघडण्याआधीच कामी येऊन जातो. जे फार जपतात त्यांच्या सेलवर हवामानाचा घाला अधिक. टिकली पुन्हा लावून ठेवू म्हणाल तर तीही एकदा निघाली की पहिल्यासारखी घट्ट बसत नाही. तिच्यावर भिस्त ठेवू नये.

हे सगळे मी आत्याला फळ्यावर लिहावे तसे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, ‘तू म्हणतोस, पण पुरावा?’ मास्तराच्या आत्याला साजेसाच प्रश्न. पुरावा मिळाला तो आमच्या गल्लीतल्या सराफाच्या काट्यावर. त्याचा नवा काटा मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवतो. जस्त प्राणवायू खाते म्हणजे वापरलेला सेल नव्यापेक्षा जड व्हायला हवा. एक ग्रॅम जस्त जवळपास पाव ग्रॅम प्राणवायू खाते. मी टिकली काढलेला एक कोरा सेल नेला, आत्याने नागपूरहून आणलेल्या डबीतले वैशाखातले काही संपलेले सेल नेले आणि आमच्याकडचे श्रावणातले नेले. सराफाने प्रथम माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. कोरा सेल सर्वांत हलका निघाला. नागपूरचे संपलेले त्याहून जड. मुंबईचे संपलेले सर्वांत जड. तोळ्या-माशाचा व्यवहार करण्यात त्याचा जन्म गेला, पण वापरल्यावर वजन वाढणारी वस्तू तो पहिल्यांदाच पाहत होता. ‘सोन्याला हे शिकवता येईल का, मास्तर?’ असे त्याने विचारले. नागपूरच्या सेलनी प्राणवायू खाल्ला पण पाणी गमावले. मुंबईच्यांनी प्राणवायूबरोबर पाणीही खाल्ले. दोघांतला फरक तो हा. आत्याला पुरावा पटला, कारण काटा सराफाचा होता.

नागपूरच्या कॅलेंडरात आणखी एक कोडे होते. तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा इतका वाईट गेला नव्हता; तेव्हा वैशाखातही सेल चौदा-पंधरा दिवस काढी. घसरगुंडी झाली ती पुढच्या वर्षापासून. फोन करून विचारले तेव्हा कळले की त्याच वर्षी आतेभावाने आत्याच्या खोलीतला कूलर काढून तिथे एसी बसवला. कूलर पाण्यातून हवा ओढतो, म्हणजे गारव्याबरोबर ओलावाही खोलीत आणतो. एसी नेमके उलटे करतो. हवेतले पाणी थंड नळ्यांवर गोळा करून नळीवाटे बाहेर टाकतो. माणसाला दोन्हीकडे गारच वाटते. सेलला मात्र कळते. कूलर परत आणा, असे मी सांगणार नाही, कारण वहिनींशी मला वैर नको आहे. पण बाहेरची हवा मुळातच कोरडी असेल तिथे एसीच्या खोलीत सेल चार दिवस कमी टिकला, तर दुकानदाराशी भांडू नये.

असाच अनुभव आमच्या शेजारच्या एका बाईंना थंडीत आला, तोही सातासमुद्रापलीकडे. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या डिसेंबरात शिकागोला गेल्या. इथून सेल नेले होते. ते भराभर संपू लागले. तिकडे बाहेरची हवा गोठलेली, तिच्यात पाणी अगदी थोडे. तीच हवा घरात आणून तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता पार खाली जाते. बाहेर बर्फ आणि घरात वैशाखाचा कोरडेपणा! तिथले लोक म्हणून खोलीत वाफारा सोडणारे यंत्र ठेवतात. बाईंनी ते नातवासाठी लावले आणि त्याचा फायदा त्यांच्या कानालाही झाला.

हे भोकाचे दुखणे पूर्वीच्या सेलना नव्हते. कानाच्या यंत्राचा इतिहास पाहिला तर तो निम्मा सेलचाच इतिहास आहे. काचेच्या नळ्यांची यंत्रे होती तेव्हा माणूस यंत्र कानाला लावी आणि बॅटऱ्यांचे ओझे अंगावर वागवी. १९४७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि १९५२ च्या अखेरीस तो बाजारात आला तो रेडिओतून नव्हे, कानाच्या यंत्रातून. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने बहिऱ्यांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले होते, म्हणून त्याच्या नावाच्या त्या प्रयोगशाळेने कानाच्या यंत्रांसाठी ट्रान्झिस्टरच्या हक्काचे पैसे घेतले नाहीत. व्यापारी जगात अशी उदाहरणे थोडी. ट्रान्झिस्टरला वीज कमी लागे, त्यामुळे यंत्र लहान झाले, आणि त्यात पाऱ्याचा इवलासा सेल बसू लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॅम्युएल रूबेन याने तयार केलेला हा सेल चहूकडून बंद, हवेशी देणेघेणे नाही, आणि शेवटपर्यंत एका सुरात चाले. गुणी होता, पण विषारी. कचऱ्यात गेलेला पारा जमिनीत आणि पाण्यात उतरतो, हे लक्षात आल्यावर त्याची गच्छंती सुरू झाली. १९९६ साली अमेरिकेने त्याविरुद्ध कायदाच केला. त्याची जागा जस्त आणि हवेच्या या सेलने घेतली. पाऱ्याच्या सेलपेक्षा तो जास्त दिवस चाले आणि कमी अपायकारक होता. श्वास घेण्याची खोड तेवढी पदरात पडली.

आता घरात करायचे काय? इथे एक पेच आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. यंत्राला कोरडे हवे असते. घाम आणि पावसाळी दमट यांनी त्यातला बारीक ध्वनिग्राहक आणि तारा खराब होतात, नळीत पाण्याचे थेंब धरतात. म्हणून रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायचे. पावसाळ्यात तर रोज. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांतून निघतात ते खडे हेच. त्यांतले रंग बदलणारे बाजारात मिळतात. रंग बदलला की खडे तापवून पुन्हा वापरता येतात. पण सेलला कोरडे नको असते, त्याला मध्यम हवे असते. म्हणून यंत्र डबीत जाताना सेल बाहेर काढायचा. पुष्कळ घरांत सेलसकट यंत्र डबीत टाकतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात सेलला रातोरात नागपूरचा वैशाख दाखवतात. दिवसा सादळायचे, रात्री वाळायचे! असा सेल लवकर दम टाकतो यात नवल ते काय?

बाहेर काढलेला सेल एखाद्या लहानशा घट्ट झाकणाच्या रिकाम्या डबीत ठेवावा. डबीत हवा थोडी, म्हणून वाफेची देवघेवही थोडी. मात्र ही डबी गोळ्यांच्या डबीजवळ मुळीच नको. सेल आणि गोळी अंधुक उजेडात सारखीच दिसतात, आणि म्हाताऱ्या माणसांनी गोळी समजून सेल गिळल्याचे प्रकार झालेले आहेत. लहान मुलांच्या हाती तर तो लागूच नये. कुणी गिळलाच तर वाट पाहत न बसता तडक इस्पितळ गाठावे. चिल्लरीच्या पाकिटातही सेल सुटे ठेवू नयेत. आणि ते फ्रिजमध्ये ठेवण्याची जी टूम निघाली आहे तीही सोडावी. फ्रिजमधून काढलेल्या सेलवर दव धरते, म्हणजे पुन्हा पाणीच. कपाटात, साध्या थंडाव्याच्या जागी, टिकलीसकट ठेवले की झाले. टिकली काढताना हात कोरडे असावेत. तेलकट किंवा घामट बोटाने भोके बुजतात.

आत्याकडे ही सगळी व्यवस्था आता झाली आहे. नागपूरला यंत्र नुसते उघडून ताटलीत ठेवले तरी चालते, तिथल्या हवेपेक्षा कोरडी डबी कुठून आणणार? इथे पावसाळ्यात मात्र यंत्र खड्यांच्या डबीत आणि सेल कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात. त्याने आषाढ-श्रावणात एक-दोन दिवस वाढले. फार नाही. हवेपुढे शहाणपण तेवढेच चालते.

खरा फरक पडला तो दुसऱ्या हिशेबाने. आत्याला मी कागदावर मांडून दाखवले की सेल पडतो चाळीस-पन्नास रुपयांना. तो तेरा दिवस चालला काय आणि सोळा दिवस चालला काय, दिवसाला तीन-चार रुपयांचा खेळ. ‘कोपऱ्यावरचा अर्धा कप चहासुद्धा येत नाही याच्यात, आत्या.’ तिने कागद उलटसुलट करून पाहिला. दुपारचे यंत्र ती अजूनही बंद करते, कारण झोपेत कुणाचे ऐकायचे नसते, असे तिचे म्हणणे आहे आणि ते बरोबर आहे. पण रात्रीचे चालू असते. बंगळूरहून पोरगी साडेनऊला फोन करते तेव्हा तो आधी आत्याकडे जातो. दोघी काय बोलतात ते आम्हांला कळत नाही, कारण आता आवाज खाली ठेवून बोलता येते.

हल्ली विजेवर भारून घ्यायची यंत्रे निघाली आहेत. त्यांत लिथियमचा बंद सेल असतो. त्याला भोक नाही, टिकली नाही आणि हवेशी भांडण नाही. २०१६ च्या सुमारास ती बाजारात आली आणि आता बरीच रुळली आहेत. नवे यंत्र घेणाऱ्याने त्यांचा अवश्य विचार करावा. बोटे थरथरणाऱ्या माणसाला तर ती फारच सोयीची. रोज रात्री फोनसारखे भारायला ठेवायची आठवण तेवढी हवी. आतेभावाने या दसऱ्याला आत्यासाठी असे यंत्र घ्यायचा बेत केला होता. आत्याने किंमत विचारली, ऐकली, आणि पुन्हा एकदा विचारली. या वेळी ऐकू न आल्यामुळे नव्हे.

‘आहे ते चालतंय ना?’ ती म्हणाली. ‘मग हे मोडलं की बघू. आणि मास्तर, भाऊबीज झाली की मी निघाले. नारिंगी टिकलीची दोन पाकिटं आणून ठेव. मुदत बघून आण.’